शाळा सुटली, व्हॅन आली नाही, पोरगी गेटबाहेर: जबाबदारी कोणाची?

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगी पहिलीत, शाळा सुटली, व्हॅन आलीच नाही, पोरगी अर्धा-पाऊण तास गेटबाहेर पाणीपुरीच्या ठेल्याजवळ उभी. शाळा म्हणते गेटबाहेर आमचा संबंध नाही, व्हॅनवाले काका म्हणतात नागपूरच्या वर्धा रोडवर जाममध्ये फसलो होतो, आणि घरचे म्हणतात नोकरी सोड अन् तूच आणत जा. वर कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी शाळेला नाही तर व्हॅनवाल्याला शिव्या घालून विषय संपवला. मी पालक-शिक्षक संघात बरीच वर्षं होती, शाळेच्या परिवहन समितीतही बसली, म्हणून जरा लांबच लिहून राहिली.

वर्गात पोरगं असतं तेव्हा बाई असतात, व्हॅनमध्ये काका असतात, घरी आपण. भानगड होते ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना, सुटीची घंटा झाल्यावरच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत. बाई लाइन घेऊन गेटपर्यंत येतात आणि वळतात, त्यांचं काम झालं. चौकीदार स्कूटीवाल्यांना बाजूला करत असतो, व्हॅनवाला अजून दुसऱ्या शाळेची पोट्टी भरून राहिला असतो, आणि आपण घरी धरून चालतो की बसली असेल. तुमच्या केसमध्ये हेच झालं. प्रत्येक जण म्हणेल मी माझं काम केलं, आणि खोटंही बोलत नसेल, पण पोरगी कोणाच्या ताब्यात दिली हे कोणीच लिहून ठेवलं नाही ना.

त्यामुळे शाळेत गेल्यावर "सुरक्षेचं काय करता" असं मोघम विचारू नका, ते कॅमेरे दाखवून मोकळे होतील. विचारा की सुटीच्या वेळी गेटवर रजिस्टर कोणाकडे असतं, त्या माणसाचं नाव काय, आणि व्हॅन नाही आली तर पोरगं कुठे बसतं. आमच्याकडे खूप वादावादीनंतर असं ठरलं की पहिली-दुसरीची पोरं गेटबाहेर सोडायचीच नाहीत. व्हॅनच्या नंबरप्रमाणे व्हरांड्यात लाइन, व्हॅनची बाई किंवा काका आत येऊन पोरं मोजणार आणि रजिस्टरमध्ये सही करणार, उरलेली पोरं ऑफिससमोरच्या बाकावर, आणि ठरलेल्या वेळेनंतर ऑफिसातूनच घरी फोन. जे स्वतः न्यायला येतात त्यांना फोटोवालं कार्ड. पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त बोंब कोणी मारली माहिती आहे का, पालकांनी! कार्ड घरी विसरून आलेले एक बाबा चौकीदारावर असे तापले की विचारू नका, "मला ओळखत नाही का बे तू". तो बिचारा हात जोडून उभा पण पोरगं काही सोडलं नाही त्याने, आत जाऊन बाईंना घेऊन आला, मगच गेट उघडलं. असा चौकीदार मिळाला तर दिवाळीला त्याला मिठाईचा डबा द्या, खरंच.

आता "गेटबाहेर आमचा संबंध नाही" हे शाळेचं वाक्य. बसपुरतं तरी ते चालत नाही. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात, पालक प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचा माणूस हेही त्यात येतात. बसमध्ये अटेंडंट पाहिजे, मुली असतील तर बाई अटेंडंट. 2012 मध्ये आपल्या नागपुरात स्कूल बसखाली एका लहान मुलाचा जीव गेला, तेव्हा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तरी कित्येक शाळांत ही समिती कागदावरच असते. शेवटची मीटिंग कधी झाली एवढंच विचारा, चेहरे पाहण्यासारखे होतात.

पण व्हॅन तुम्ही स्वतः लावली असेल तर शाळा तेवढ्यावर हात वर करणार, आणि इथे आपलंही थोडं ऐकून घ्यावं लागेल. महिन्याला दोन-तीनशे रुपये वाचतात म्हणून आपणच दहा पोरं कोंबलेला ऑटो लावतो, बाहेर दप्तरं लटकलेली, एक पोट्टं काकांच्या शेजारी अर्ध्या सीटवर. ऑटोला परवानगी तीन पॅसेंजरची असते हे काय आपल्याला माहीत नाही? गाडीचं परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, काकांचं लायसन्स, सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. आग विझवायचा सिलेंडर असेल तर त्यावरचा काटा हिरव्यात आहे का ते पाहा, नुसता लाल डबा लटकवलेला असतो. काकांशी भांडून उपयोग नाही, एप्रिलच्या उन्हात तेही पत्र्याच्या गाडीत तापतच असतात. फक्त एक पक्कं करून घ्या, उशीर होणार असेल तर फोन आधी शाळेच्या ऑफिसला, मग तुम्हाला. आणि "आज मामा घ्यायला येईल" हे आपण काकांना सांगतो पण शाळेला सांगत नाही, ते बंद करा, शाळेला मेसेज लिहूनच पाठवा.

पावसाचंही ठरवून ठेवा. 23 सप्टेंबर 2023 ला रातोरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी घराघरात शिरली, सकाळी शाळांना सुटी दिली, आमच्या ग्रुपवर तो मेसेज काहींनी घरून निघताना पाहिला. सुटीचा मेसेज कोण टाकतं आणि व्हॅनवाल्यांना कोण कळवतं हे जूनअखेर शाळा उघडतानाच ठरलं पाहिजे.

शाळेच्या आतलं थोडक्यात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर बऱ्याच शाळांत कॅमेरे लागले, पण ते फुटेज पाहतं कोण, लहान मुलींना बाथरूमला कोण नेतं, शिपाई आणि कंत्राटी माणसांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालं का, हे विचारा. सखी सावित्री समितीत, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीच्या शाळेतल्या समितीत, कोण आहे ती नावं नोटीस बोर्डवर मागा. आणि लैंगिक छळाची शंका जरी आली तरी "आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो" हे ऐकून घेऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी जो पॉक्सो कायदा आहे, त्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर कधीही फोन करता येतो.

तक्रार तोंडी करू नका. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज, तारीख-वेळ टाकून, एक कॉपी पालक-शिक्षक संघाला, आणि आपल्या कॉपीवर शिक्क्यासहित पोच घ्या. आठ-दहा दिवस वाट पाहा, नाही हललं तर शिक्षणाधिकारी, गाडीचं असेल तर आरटीओ. एकट्या जाऊ नका, त्याच व्हॅनमधल्या चार-पाच आयांना सोबत घ्या. एकट्या बाईला "मॅडम तुम्ही जास्त टेन्शन घेता" म्हणतात, पाच जणी दिसल्या की खुर्च्या मागवतात.

आणि पोरीला भीती घालू नका, एवढंच शिकवा की व्हॅन दिसली नाही तर परत आत फिरायचं आणि ऑफिसात जाऊन बसायचं, कोणी ओळखीचं आलं तरी. दोन-तीनदा गेटपासून ऑफिसपर्यंत चालवून आणा तिला. अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर सांगा, आमचा जुना पडला आहे, टाकते इथे.