पोट्टा घुम्या आहे, गोल्फचा प्रो होईल का?

प्रश्न : मी कामठीकडे एका गोल्फ मैदानावर माळी आहे. मुलगा यंदा बारावी पास झाला. माझ्यासोबत येऊन येऊनच खेळ शिकला, एका साहेबांनी जुना सेट दिला. आता म्हणतो, कॉलेज नको, प्रो होतो. पण पोट्टा घुम्या आहे, चार माणसांत तोंड उघडत नाही. अशाला स्पॉन्सर कोण देणार? – एक वडील, नागपूर

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचताना मला गोल्फर एस. एस. पी. चौरासिया आठवले. त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, म्हणजे तुमच्याच कामातले. चौरासिया फार लांब मारणाऱ्यांतले नाहीत आणि मिरवणारेही नाहीत. त्यांची सगळी भिस्त चिप (ग्रीनजवळून हलकेच उचललेला फटका) आणि पटवर (होलकडे घरंगळवलेला फटका). म्हणून तर खेळाडूंनी त्यांचं नावच ‘चिपुटसिया’ पाडलं. 2015 ची इंडियन ओपन ते अनिर्बन लाहिरीकडून प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात हरले. पुढच्या वर्षी त्याच दिल्ली गोल्फ क्लबवर जिंकले, 2017 मध्ये तर गुरुग्रामला सात स्ट्रोकने (फटक्यांनी). मधे रिओ ऑलिंपिकही खेळून आले. तेव्हा घुमेपणाची काळजी सोडा. स्कोअरकार्डावर बडबडीचा रकाना नसतो.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. चौरासिया 1997 मध्ये प्रो झाले आणि युरोपियन टूरची पहिली ट्रॉफी आली 2008 मध्ये. अकरा वर्षं! स्पर्धा चार दिवसांची, पण दोन दिवसांनी कट लागतो, म्हणजे मागे पडलेले बाहेर. कट चुकला की बक्षिसाचा एक रुपया नाही. एंट्री फी, रेल्वे, लॉज, कॅडी (बॅग उचलणारा), सगळं खिशातून. हा हिशेब मुलासमोर बसून मांडा, रागावून नको.

शिवाय एकदा प्रो झालं की अमॅच्युअर (हौशी) स्पर्धांचं दार बंद होतं. म्हणून यंदा क्यू-स्कूलचा (प्रो टूरच्या पात्रता स्पर्धेचा) फॉर्म भरू नका. बीए-बीकॉमला नाव घाला, सकाळी खेळू द्या (आपल्याकडे मे महिन्यात तसंही आठनंतर कोण खेळतं?) आणि अमॅच्युअर म्हणूनच बाहेरची मैदानं दाखवा. घरच्या ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक हिरवळीचा) उतार त्याला पाठ आहे; खरी परीक्षा परक्या ग्रीनवर.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही, पण आकडे वाचता येतात. त्याला सलग वीस फेऱ्यांची कार्डं जपून ठेवायला सांगा. माफीचे पट (होलजवळ आला म्हणून न मारताच गेला मानलेला चेंडू) धरायचे नाहीत, हरवलेला चेंडू लपवायचा नाही. प्रत्येक होलवर किती पट लागले तेही लिहायचं. वीसपैकी बहुतेक फेऱ्या पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या आसपास असतील तर पुढचं बोलू. सत्तर-बहात्तरऐवजी ऐंशी दिसत असेल तर अजून वेळ आहे.

खेळात नाही जमलं तरी इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचे कोचसाठी कोर्स आहेत. आणि ग्रीन तीन-चार मिलिमीटरवर राखणं ही तुमची विद्या त्याने घेतली का? पत्रात त्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. मोठ्या मैदानांना असा माणूस लागतो.

कार्डं झाली की पाठवा. पटचा रकाना रिकामा नको.