तिठ्यावर चर्च आधी की वस्ती आधी?

तुमचा प्रश्न असा : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका तिठ्यावर जुनं चर्च आहे, भोवती वीसेक घरं. वस्ती चर्चमुळं बसली की चर्च वस्तीसाठी बांधलं, हे कसं शोधायचं?

पहिली गफलत नावातच होते. आपल्याकडं कंडक्टर 'अमुक क्रॉस' म्हणून ओरडतो तो फाट्यासाठी, खुरसासाठी, म्हणजे ख्रिस्ती क्रुसासाठी, नव्हे. तेव्हा तिठ्याचं नाव पुरावा धरू नका. चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं सालही जपून घ्या. जांभ्याच्या भिंतीची डागडुजी होत राहते आणि गिलाव्यात उमटतं ते बऱ्याचदा शेवटच्या मोठ्या कामाचं साल.

सुरुवात दफनभूमीतून करा. जांभा भोकाळ, त्यावर अक्षर टिकत नाही, म्हणून लेख वेगळ्या पाटीवर शोधा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. ढगाळ दिवशी टॉर्च बाजूनं धरा, समोरून नको. साफ करायला पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेच्या ब्रशानं किंवा ॲसिडनं शेवाळ निघतं खरं, पण अक्षरांच्या कडाही निघतात.

मग बाप्तिस्म्याचं रजिस्टर. फादरकडं जाताना नाव, बापाचं नाव आणि अंदाजे साल लिहून न्या. छोटं चर्च आधी मोठ्या पॅरिशचं (एका मुख्य चर्चच्या हद्दीचं) चॅपेल, म्हणजे उपचर्च, असेल, तर जुन्या नोंदी त्या मूळ पॅरिशमध्ये असतात. बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. त्याआधी हा मुलूख गोवा आणि पुणे धर्मप्रांतांत होता, त्यामुळं जुना पत्रव्यवहार तिकडं निघू शकतो. चर्च प्रोटेस्टंट असेल तर वाट निराळी : लंडन मिशनरी सोसायटी १८२० पासून बेळगावात होती, तिचे कागद लंडनला आहेत.

नोंद वाचताना हमखास चकवा महिन्याचा. पोर्तुगीजमध्ये '७ब्रो' म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. '८ब्रो' ऑक्टोबर, तसंच पुढं डिसेंबरपर्यंत. समासातली बारीक अक्षरं सोडू नका, विसाव्या शतकातल्या नोंदींत लग्नाचा उल्लेख बऱ्याचदा तिथंच असतो. पाद्रिन्हो-माद्रिन्हांची, म्हणजे बाप्तिस्म्यातल्या धर्मपिता-धर्ममातांची, गावं दिली असतील तर ती वेगळी उतरवा. तीच गावं पुन्हा पुन्हा आली की लोक कुठून आले याचा माग लागतो.

खरा निकाल मात्र जमिनीच्या कागदात. संगणकावरचा उतारा अलीकडचाच असतो. तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून हाताने लिहिलेली जुनी रजिस्टरं मागा आणि भूमापन खात्याकडून गावनकाशा आणि आकारबंद (प्रत्येक सर्व्हे नंबराचं क्षेत्र नि सारा दाखवणारं रजिस्टर). १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा मराठी, काही ठिकाणी मोडीही वाचावी लागेल. पाहायचं एवढंच : घरांच्या जागा चर्चच्या सर्व्हे नंबरातून पोटहिस्से पडून निघाल्या असतील, तर चर्च आधी असण्याकडं कौल. चर्चची जागाच एखाद्या रयतेच्या नंबरातून तोडून दिलेली असेल, तर शेतकरी आधी. दोन्ही मूळचेच वेगळे नंबर असतील तर कागद गप्प बसतो, मग दफनभूमी आणि रजिस्टरावरच भिस्त.

तिठा दोन गावांच्या शिवेवरही असू शकतो. मग चर्च एका गावाच्या नकाशात आणि घरं दुसऱ्याच्या. दोन्ही नकाशे एकदमच मागा, नाहीतर कचेरीची खेप दुसऱ्यांदा पडते.