वाचकांचे प्रश्न : सहा एकर, तीन जनावरे आणि सेंद्रिय शेती

प्रश्न : वाशीम जिल्ह्यात आमची सहा एकर मध्यम काळी, कोरडवाहू जमीन असून सोयाबीन आणि तूर ही नेहमीची पिके आहेत. घरी एक बैलजोडी व एक गाय आहे. येत्या खरिपापासून सर्व शेती सेंद्रिय करावी असे मला वाटते, परंतु उतारा घटून घर चालणार नाही असे वडिलांचे म्हणणे आहे. जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाच्या, आधारे सहाही एकर एकदम सेंद्रिय करता येतील का?

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर गोठ्यात शोधावे लागेल. एका जनावरापासून दिवसाला सरासरी 10 किलो शेण धरले, तरी तीन जनावरांचे वर्षाला सुमारे 11 टन ओले शेण होते. त्यातले बरेचसे चरताना व कामावर असताना बाहेर पडते, आणि उरलेले कुजून निम्म्यावर येते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 5 टन, म्हणजे एकरी सुमारे 2 टन शेणखताची शिफारस असते, हे लक्षात घेतले तर आपल्या गोठ्यातून जेमतेम दीड-दोन एकरांची सोय होते. ही उणीव जीवामृत भरून काढील, हा समज मात्र सोडावा. एकरी 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन घालतात. एवढ्या साहित्यातील नत्र (नायट्रोजन) मोजले तर ते पाव किलोच्या आतबाहेर भरते. जीवामृत हे जिवाणूंचे विरजण आहे, आणि जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसतील तर ते विरजण धरणार कशावर?

म्हणून आधी खताचे बळ वाढवावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत थोडे शेण असलेल्यांसाठीच जणू आहे : 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच, भिंतींत झरोके ठेवलेल्या टाक्यात सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, केवळ 100 किलो शेण आणि चाळलेली माती थराथराने भरून ओलावा राखला, तर तीन-चार महिन्यांत खत तयार होते. तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) जनावरांना घालावे, सोयाबीनचे कुटार विकण्याऐवजी वा पेटवण्याऐवजी या टाक्यात घालावे आणि धुऱ्यावर (बांधावर) गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून त्याचा पाला वापरावा. सोयाबीन व तूर आपल्या गाठींतून नत्राची बरीचशी गरज भागवतात, त्यामुळे आपल्याकडे खरी काळजी स्फुरदाची (फॉस्फरसची) आणि सेंद्रिय कर्बाची आहे.

पहिल्या वर्षी गोठ्याजवळचे दोनच एकर सेंद्रिय शेतीसाठी घ्यावेत, आणि तिथे तुरीबरोबर ज्वारी पेरावी, म्हणजे कडब्याने वैरण वाढेल. उरलेल्या चार एकरांत नेहमीच्या पद्धतीने सोयाबीन ठेवावे. एकच पीक दोन्ही पद्धतींनी घेतल्यास प्रमाणीकरणात, म्हणजे माल सेंद्रिय असल्याचा अधिकृत दाखला मिळवण्यात, अडचण येते. 2001 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी रूपांतरणाचा काळ साधारणपणे दोन वर्षांचा असतो. त्या काळात माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही, त्यामुळे वाढीव भाव गृहीत धरून कर्ज काढू नये.

प्रश्न : शेजारी तणनाशक व कीटकनाशक फवारतात. त्यांच्याशी वैर न घेता काय करावे?

उत्तर : त्यांना फवारणीचा दिवस आधी कळवण्याची आणि वारा आपल्या शेताकडे असताना न फवारण्याची विनंती करावी, गावात एवढे सहसा नाकारले जात नाही. वरच्या अंगाने वाहून येणारे पाणी चर खोदून बाजूला काढावे, धुऱ्यालगत शेवरी दाट लावावी आणि आतल्या बाजूने पिकाच्या काही ओळींचा पट्टा सोडून त्या ओळींची कापणी व मळणी वेगळी करावी. तो माल सेंद्रिय मालात मिसळू नये.