लेकीच्या वह्या आधी उघडून बघा

प्रश्न : माझी मुलगी इंटिरियर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुण चांगले आहेत. पण सुट्टी मिळाली की जुने वाडे आणि संग्रहालयं बघत फिरते. वह्या भरभरून खांब, कोयंडे, फरश्यांची चित्रं काढते. पडक्या वाड्यांतल्या बिजागऱ्या, फुटक्या फरश्या तिने घरात जमवल्या होत्या. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून त्या मी तिच्या नकळत भंगारात दिल्या. तेव्हापासून धड बोलत नाही. जुनी घरं दुरुस्त करायला, रंगवायला कंत्राटदार आहेत, त्यासाठी शिकायचं काय? माझा मॉड्युलर फर्निचरचा व्यवसाय आहे. एमबीए करून तिने तो सांभाळावा. एमबीएच्या क्लासची फी महिनाअखेर भरायची आहे. तिची समजूत कशी काढू? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : नमस्कार. गुण चांगले आहेत म्हणता, तेव्हा त्यावर बोलत नाही. मी अडखळले ती भंगाराच्या वाक्यापाशी.

हे तुम्ही वाईट केलंत. जुन्या फरशीच्या पाठीवर कधीकधी कारखान्याचा ठसा असतो. ती कुठल्या घरातून, कुठल्या खोलीतून आली हे तुमच्या मुलीने वहीत टिपलेलं असणार. वस्तूच गेली, आता त्या टिपणाचं ती काय करणार? पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दरवाजे असंच गोळा केलं आणि तो संग्रह १९७५ साली राज्य शासनाकडे गेला. तुमची लेक लगेच केळकर होईल असं मी म्हणत नाही. पण घरात आपल्या कामाला धक्का लागणार नाही एवढी खात्रीही तिला राहिली नाही. तिच्याच हाती तुम्हाला व्यवसाय सोपवायचाय! ज्याने न विचारता माझं सामान विकलं, त्याच्याबरोबर धंद्यात मी तरी पडले नसते.

तेव्हा समजूत तिची काढायची नाही. आधी माफी मागा, आणि तीही ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे शेपूट न लावता. मग तिने दाखवल्या तर त्या वह्या बघा. चित्रांशेजारी मापं लिहिली आहेत का? लाकूड कुठलं, सांधा कसा, याची टिपणं आहेत का? असतील तर तो टाइमपास नाही, पुढच्या प्रवेशासाठीचा पोर्टफोलिओ आहे. (पडक्या वाड्यातून वस्तू आणताना मालकाला विचारलं होतं ना, हे मात्र तिला जरूर विचारा. या क्षेत्रात पहिला धडा तोच.)

आता तुमचा कंत्राटदाराचा मुद्दा. जुनं घर जपायचं म्हणजे ते नव्यासारखं करायचं, हा समज सर्रास दिसतो आणि त्यापायी कित्येक चांगल्या वास्तूंची वाट लागली आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते तशी सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, आणि काही पावसाळ्यांनी गिलावा सुटताना मूळ चुन्यालाही घेऊन पडतो. लाकडाचीही तीच कथा. सागवानी खांबावर कोरलेल्या केळफुलांवर दर काही वर्षांनी ऑइल पेंटचा हात मारत गेलं की पाकळ्यांमधल्या खाचा बुजून जातात. संवर्धन करणारा माणूस तिथे पॉलिश पेपर घेऊन तुटून पडत नाही. आडोशाच्या जागी बोटाच्या पेराएवढा चौकोन आखतो आणि धारदार पात्याने एकेक थर सोलत जातो. वर चॉकलेटी, खाली हिरवा, त्याखाली फिका निळा, तळाशी नुसतं तेल दिलेलं लाकूड. प्रत्येक थराचा फोटो, नोंद, आणि मग यातल्या कुठल्या थरावर थांबायचं याचा निर्णय. तो चौरस फुटाच्या भावाने काम घेणाऱ्यावर कसा सोडणार? भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली सुरू झालं आणि पुढे त्याची पार रया गेली. नीट संवर्धन झालं तेव्हा २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. तिच्याबरोबर एकदा जाऊन या. छताकडे ती बघत असेल तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघा.

पुढच्या प्रवेशाचं थोडक्यात : पुढे डिझाइनच करायचं तर सीड (आयआयटींची डिझाइनची प्रवेश परीक्षा) किंवा एनआयडीची म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची प्रवेश परीक्षा डॅट, कलावस्तूंचं संवर्धन किंवा संग्रहालयशास्त्र करायचं तर नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज. अटी तिने स्वतः वाचाव्यात. एक अडचण आत्ताच सांगते. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वास्तुसंवर्धनाच्या पदव्युत्तर शिक्षणाला बी.आर्क. म्हणजे आर्किटेक्चरची पदवी लागते, इंटिरियरच्या पदवीवर तिथे प्रवेश नाही. १९७२च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्टही म्हणवता येत नाही. म्हणजे मोठ्या वास्तूच्या कामात ती बहुधा आर्किटेक्टच्या हाताखाली असेल. हे तिला चालणार आहे का?

तिलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. बघायला आवडतं म्हणून करायलाही आवडेलच असं नाही. संवर्धनात एकाच छताखाली धुळीत महिने जातात. संग्रहालयात नोंदी, मोडी कागद, पत्रव्यवहार. जुन्याचा आधार घेऊन नवं घर सजवायचं म्हटलं तर समोर गिऱ्हाईक असतं आणि त्याला पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब दिवाणखान्यात प्लायवुडमध्ये हवे असतात. पैसाही सुरुवातीला बेताचा, सरकारी कामांची बिलं रेंगाळतात. डिझाइनच्या इतिहासाचे उत्तम अभ्यासक्रम परदेशात आहेत हे खरं, पण शिष्यवृत्ती नसेल तर एवढ्यात कर्ज काढून तिकडे धावू नये. या उन्हाळ्यात एखाद्या संवर्धन आर्किटेक्टकडे मोजमापं घ्यायला, ड्रॉइंग करायला जावं. कंटाळा आला तर तोही उपयोगाचाच.

तुमच्या कारखान्यात पन्नाशी ओलांडलेला एखादा सुतार असेल, ज्याला बिनखिळ्याचा सांधा येतो. त्याच्याकडे आठवड्यातली एक दुपार तिला बसू द्या. व्यवसायात यायचं की नाही हे विचारू नका, तो विषयच काढू नका.

पुढचं पत्र तिने लिहावं, वहीची चार पानं जोडून. एमबीएचा प्रश्न तिला पडला असेल तर उत्तर तिलाच देईन. महिनाअखेरची ती फी मात्र भरू नका.