सूर तेच, मग चेलो एवढा वेगळा का वाजतो?

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखच्या सोलो चेलो सुईट्सची (व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या वाद्यासाठी, चेलोसाठी, लिहिलेल्या सहा मालिका, प्रत्येकीत एक प्रिल्यूड नि पाच नाच) चार-पाच रेकॉर्डिंग ऐकली. एकात सूरच खाली लागलेत, दुसऱ्यात तेच सूर पण तोडून तोडून वाजवलेत. बरोबर कोणाचं? आणि तुलना करायची तरी कशी?

उत्तर : सूर खाली वाटले ते बिघडलेलं रेकॉर्डिंग नाही हो. बरोक, म्हणजे बाखच्या काळच्या, पद्धतीने वाजवणारे बहुतेक जण ए चा सूर (ज्यावरून वाद्य जुळवतात तो) ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे साधारण अर्धा सूर खाली, शिवाय तारा आतड्याच्या, त्यामुळे आवाजही जरा खरखरीत येतो.

तोडण्या-जोडण्याचा मुद्दा मात्र जास्त मजेशीर आहे. या सुईट्सची बाखच्या हातची प्रत आज उपलब्धच नाही (सोलो व्हायोलिनच्या रचनांची आहे, १७२० ची), त्यामुळे सगळे मुख्यतः त्याच्या बायकोने, आना माग्दालेनाने केलेल्या नकलेवर अवलंबून, आणि त्या नकलेत एका गजात किती सूर घ्यायचे ते दाखवणाऱ्या कमानी नेमक्या कुठे सुरू होतात नि कुठे संपतात तेच कळत नाही. पहिल्या सुईटच्या प्रिल्यूडची, म्हणजे पहिल्याच भागाची, सुरुवातच घ्या ना, जी-डी-बी-ए-बी-डी-बी-डी. कोणी पहिले तीन सूर एका गजात घेऊन बाकीचे सुटे वाजवतो, कोणी चार-चार जोडतो, कोणी सगळे आठ एकाच ओढीत घेतो. सूर तेच, पण खालचा जी कधी ठसठशीत उठून दिसतो तर कधी नुसता वाहून जातो. त्यामुळे बरोबर कोण, याचं एक उत्तर मिळणार नाही.

तुलना करताना छत्तीसच्या छत्तीस भाग ऐकत बसू नका, डोकं भणभणेल. पाचव्या सुईटचा साराबांद, म्हणजे त्यातला संथ नाच, घ्या. त्यात एकही कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) नाही, एकेकटे सूर, त्यामुळे वादकाला लपायला जागा नाही. सूर कसा सुरू होतो यापेक्षा तो सोडतो कसा ते ऐका, व्हायब्रॅटो (सूर हलकासा थरथरवणं) प्रत्येक सुरावर सरसकट आहे का मोजक्याच, तेही बघा. आणि आधी आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जे मोठ्याने वाजतं तेच भारी वाटतं, आपला कान असाच फसतो.

कुठून सुरू करू म्हणाल तर चेलोवादक कासाल्सचं १९३६-३९ चं घ्या, खरखर आहे पण नाचाच्या भागांत जोर बघा काय आहे, आणि त्यानंतर लगेच बरोक पद्धतीने वाजवणाऱ्या ब्युल्स्माचं १९७९ चं, त्याचा चेलो गातो कमी आणि बोलतो जास्त, मला तोच आवडतो. तिसरा चेलोवादक रोस्त्रोपोविच, त्याने १९९१ मध्ये फ्रान्समधल्या व्हेझलेच्या चर्चमध्ये रेकॉर्ड केलंय, भव्य आहे, पण वेगवान भागांत सूर घुमून एकमेकांत मिसळतात असं माझं मत, आता तो दोष वादकाचा का इमारतीचा हे हेडफोन लावून तुम्हीच ठरवा.