आभाराची वही लिहूनही बरं वाटत नाही तेव्हा

"मॅडम, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहितो, तरी फरक पडत नाही. उलट लिहून झालं की जास्तच वाईट वाटतं. माझ्यातच काही खोट आहे का?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न हल्ली सारखा येतो. कोणी रील पाहून वही सुरू केलेली असते, कोणाला कॉलेजातल्या कार्यशाळेत सांगितलेलं असतं. खोट नाही, हे उत्तर मी आधीच देऊन टाकते. पण ते पटावं म्हणून एका मुलाबद्दल लिहिते. त्याच्या परवानगीने लिहितेय; नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रफुल यवतमाळकडचा. घरी कापूस-सोयाबीनची कोरडवाहू शेती. नागपूर विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, रविनगरच्या बाजूला तिघांत मिळून एक खोली. मार्चमध्ये आला तेव्हा एवढंच म्हणाला, "अभ्यासात मनच लागून नाही राहिलं." बोलताना दर दोन वाक्यांमागे 'सॉरी मॅडम' असायचं. पाणी पुढे केलं तरी सॉरी.

झोप आणि जेवण विचारून झाल्यावर मी सगळ्यांना विचारते तसं त्यालाही सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती अजूनही पालकांत आहे, शिक्षकांतही आहे. तिला आधार नाही. विचारल्याने बहुतेक वेळा मोकळंच वाटतं. तो म्हणाला, "तसं काही करायचं नाही. पण आपण नसतो तर घरचा खर्च वाचला असता, असं वाटून जाते." असलं वाक्य वहीवर सोपवून चालत नाही. त्याच आठवड्यात त्याला मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवलं. रात्री फारच जड वाटलं तर कोणत्या मित्राला उठवायचं ते ठरवलं, आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावला. हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी तेव्हा गोळ्या दिल्या नाहीत. समुपदेशन चालू ठेवा आणि पुन्हा दाखवायला या, असं सांगितलं.

वहीचा विषय त्यानंतर निघाला. दोनशेपानी साधी वही, अक्षर वळणदार. पहिल्या पानावर होतं: आईबाबांचे आभार. ताईने शिक्षण सोडलं म्हणून मी शिकतोय. दोन वेळचं जेवण मिळतं. दुसऱ्या दिवशी हेच तीन, क्रम तेवढा बदललेला. पुढे पुढे समासात आकडे यायला लागले होते. खोलीचं भाडं, मेस, परीक्षेचा फॉर्म. एका पानावर 'बाबांनी बैलजोडी विकली' आणि त्यापुढे रक्कम, खाली दोन रेघा ओढलेल्या. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत आणि या वहीत मला काही फरक दिसेना. रोज झोपण्याआधी हा मुलगा आपल्यावर किती चढलं आहे ते मोजत होता, आणि वर पुन्हा झोप येत नाही म्हणून सॉरी म्हणत होता.

कोणी आपल्यासाठी काही केलं की आतून ऊब येते, आणि तिच्यासोबत 'आता हे फेडू कसं' हेही येतं. आपल्याकडे तर आईबापाचे पांग फेडणं ही मोठी कमाई मानली जाते. शिकणारी पहिलीच पिढी असली की दुसरी भावना पहिलीला गिळून टाकते. आभाराची पत्रं लिहायला लावलेल्या लोकांना बरं वाटण्यासोबत अपराधीपणा आणि ओझंही जाणवतं, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. पण रीलमध्ये ते कोणी सांगत नाही.

रोज लिहिण्याचा हट्टही तसा विनाकारणच. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास या विषयात सगळे सांगतात. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, १० आठवडे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. आणि २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा नैराश्य आणि चिंतेवरचा या उपायांचा परिणाम लहानसाच निघाला. मला वही आवडते, मी ती सुचवतेही, पण औषधाच्या जागी ती ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

प्रफुलला मी सांगितलं, आठवड्यातून एकदाच लिही, रविवारी दुपारी. एकच गोष्ट. घरच्यांचं नाव सध्या नको. ज्याचे पैसे होत नाहीत असंच काही लिही. त्याला हे विचित्र वाटलं. "घरच्यांचे आभार नाही मानायचे?" मानशील, पण थोडं थांबून.

पहिल्या रविवारी पान कोरं राहिलं. नंतरच्या रविवारचं पान मला अजून आठवतं: 'बर्डीवर बस चुकली. पानठेल्यावाल्या काकांनी स्टूल पुढे केला. म्हणाले, बस पोट्ट्या, लू लागन. पाणी दिलं. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही.' मी विचारलं, त्यांनी का दिलं असेल? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "माझं तोंड पाहून दिलं असंल." आपल्याला कोणी उगाचच, काही न मागता देऊ शकतं, हे त्याच्या हिशेबात बसतच नव्हतं.

वहीच्या मागच्या बाजूने कटकटी लिहायची मुभा दिली होती. ती बाजू भराभर भरली. खोलीतला मित्र, मेसची डाळ, कूलरचं भाडं आणि अडकलेली शिष्यवृत्ती. शिष्यवृत्तीसाठी त्याला विद्यार्थी विभागात पाठवलं. अर्जात एक कागद कमी होता, तो लागला. या एका कामाने त्याला महिनाभराच्या वहीपेक्षा जास्त हलकं वाटलं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

मग ताईला पत्र. पाठवायचं की नाही ते नंतर ठरवू, आधी लिही. समुपदेशनासाठी आलेल्या सुमारे ३०० जणांचा, त्यातही बहुतेक विद्यार्थ्यांचाच, एक अमेरिकी अभ्यास २०१८ साली छापला गेला. त्यात आभाराची पत्रं लिहिणारे नुसतं समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा १२ आठवड्यांनंतर बऱ्या अवस्थेत होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी पत्रं पाठवलीच नव्हती. प्रफुलच्या पत्रात पहिलं अर्धं पान आभार, पुढचं दीड पान राग. तू सोडलंस, मला विचारलं का नाहीस, आता नापास व्हायचीही सोय नाही मला. हे लिहून तो घाबरला. मी म्हटलं, हेच पत्र खरं आहे.

पत्र त्याने पाठवलं नाही, फोन केला. ताई हसली म्हणे. "तुले कोनं सांगतलं मी तुयासाठी सोडलं? मले गनितच जमत नोतं. मायला म्हनलं, मी नाही जात आता." त्यात किती खरं आणि किती भावाला मोकळं करण्यासाठी, ते मला माहीत नाही. पण नंतर ती म्हणाली, शिवणयंत्राला मोटर बसवायची आहे, नोकरी लागली की तेवढं दे. फेडण्याजोगा, ठरावीक आकडा त्याला प्रथमच मिळाला.

बाबांचं कर्ज मात्र खरं होतं आणि अजून आहे. परीक्षेच्या आधी वही बंद पडली, मी ती पुन्हा सुरू करायला सांगितली नाही. झोप बऱ्यापैकी लागते. सॉरी कमी झालं आहे, गेलं नाही. तुमच्या वहीतही तीच तीन नावं रोज येत असतील आणि लिहून छातीवर दडपण येत असेल, तर दोन-तीन आठवडे वही मिटून ठेवा आणि ती घेऊन कोणाशी तरी बोलायला या. आम्हाला त्या पानांचा उपयोग होतो, विशेषतः समासातल्या आकड्यांचा.