हिशेब मागणाऱ्यांविषयी एका तरुण सेवकास पत्र

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

प्रभू येशूच्या नावात सलाम. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, प्रत्येक काम शेवटी आपल्यावरच येऊन पडते आणि वर काही जण अर्पणाच्या पैशांचा हिशेब मागतात, याचा त्रास तू कळवला आहेस. माझ्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : अधिकार एका हाती साठला की कामही तिथेच येते आणि संशयही.

बायबलमधील निर्गमाच्या १८व्या अध्यायावर आपण पुष्कळदा उपदेश करतो, पण तो पुढाऱ्याच्या थकव्यापाशीच थांबतो. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेला पाहून त्याचा सासरा, मिद्यानाचा याजक इथ्रो, त्याला सांगतो की अशाने तूही झिजशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही. दिवसभर ताटकळत उभ्या असलेल्यांची दमणूक त्या मिद्यानी याजकाच्या नजरेतून सुटली नाही, हे मला विशेष वाटते. शिवाय हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नेमायच्या माणसांसाठी त्याने घातलेल्या अटींत लोभाचा तिटकारा ही एक अट आहे; वक्तृत्वाचा तिथे उल्लेखही नाही. आपण मात्र जबाबदारी देताना आधी बोलका माणूस शोधतो.

प्रेषितांच्या कृत्यांचा ६वा अध्याय तुझ्या प्रसंगाच्या अधिक जवळचा आहे. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासीयांनी केली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूने निवडलेल्या बारा शिष्यांनी, त्यांच्या निष्ठेवर शंका घेतली नाही की एकी मोडल्याचा ठपका ठेवला नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावून सात जण निवडायला सांगितले, आणि स्तेफनापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले, असे मानायला यात चांगली जागा आहे. तक्रार करणाऱ्याला समितीबाहेर ठेवण्याची आपली सवय याच्या अगदी उलट.

पैशाच्या बाबतीत प्रेषित पौलाकडे पाहा. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी गोळा होत असलेल्या वर्गणीच्या कामी त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू पाठवला आणि करिंथ येथील मंडळीस त्याचे कारणही लिहून कळवले : एवढ्या मोठ्या दानाच्या व्यवस्थेत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्याही दृष्टीने योग्य आहे तेच व्हावे. 'देव माझा साक्षी आहे' एवढे म्हणून मोकळे होण्याचा हक्क त्याच्याइतका कोणाला होता? तेव्हा अर्पण मोजायला एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसे बसव, बँकेच्या व्यवहाराला एकट्याची सही चालणार नाही असे ठरव आणि जमाखर्च दर महिन्याला मंडळीपुढे वाचून दाखव.

'माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडून नेमलेल्यांना) हात लावू नका' हे वचन हिशेब मागणाऱ्याच्या तोंडावर फेकण्याचा मोह तुला होईल. काही पाळक तसे करतातही. १०५व्या स्तोत्रात हे शब्द राजांना बजावलेले आहेत, तेही परक्या मुलखांत भटकणाऱ्या इस्राएलच्या मूठभर पूर्वजांच्या रक्षणासाठी. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला समोरासमोर दोषी ठरवले, तेव्हा दावीद अभिषिक्तच होता.

इस्राएलचा न्यायाधीश आणि संदेष्टा शमुवेल याने म्हातारपणी लोकांपुढे उभे राहून, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, असे विचारले आणि कोणालाही त्याच्याकडे बोट दाखवता आले नाही. पण त्यानेच न्यायाधीश नेमलेले त्याचे मुलगे बैर-शेबा येथे लाच घेत होते. म्हणून पाळकाच्या मुलाला किंवा भावाला खजिनदार करण्याचा प्रस्ताव आला तर, तो कितीही सज्जन असला तरी, तू नको म्हण.

पुढच्या सभेत हिशेब तपासनीस म्हणून, ज्यांनी हिशेब मागितला त्यांच्यापैकीच एकाचे नाव तू स्वतः सुचव. तो तयार झाला नाही तर दुसऱ्याला विचार, आणि वह्या सभेच्या आधीच त्याच्या हाती पोचतील असे पाहा.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी